वहिनींच्या चालण्याविषयी : आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

भाऊ (गाव) : सर्वांना नमस्कार. ही स्वतः या ग्रुपवर आहे आणि हे वाचणार आहे, हे ठाऊक असूनच लिहितो, कारण घरात विषय काढला की वाद होतो. वर्ध्याच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या आजाराचे, निदान केल्यापासून प्रत्येक भेटीत 'हालचाल वाढवा' असेच सांगितले जाते. ही मात्र एखाद्या दिवशी उत्साहाने उठते आणि पुढचे तीन-चार दिवस खाट सोडत नाही. कापसाची वेचणी तोंडावर आली आहे. हिला चालते कसे करावे, हे कोणीतरी सुचवावे.

मोठे काका : माझे वय 72 असून मी रोज पहाटे पाचला उठून पाच किलोमीटर चालतो. सूनबाईंनी मनावर घेतले तर अवघड काहीच नाही.

आर्वीचे मामा : काका, आपण चालता हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे, कारण वाटेत भेटेल त्याला थांबवून आपण ते सांगता. माझ्या मते हे 2006 च्या साथीतल्या चिकनगुनियासारखेच सांध्यांचे दुखणे आहे. महानारायण तेलाची बाटली मी पाठवतो.

यवतमाळची ताई : मामा, चिकनगुनिया, थायरॉईड, बी-12, ड जीवनसत्त्व हे सगळे तपासून झाले आहे आणि त्या चिठ्ठ्या मी स्वतः पाहिल्या आहेत. अहवाल चांगले आले म्हणजे दुखणे खोटे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये, कारण फायब्रोमायल्जिया दाखवणारी रक्ततपासणी किंवा एक्स-रे अस्तित्वातच नाही. पूर्वी, म्हणजे 1990 च्या निकषांप्रमाणे, अंगावरच्या 18 ठरावीक जागा दाबून किमान 11 ठिकाणी दुखते का ते पाहत असत. 2010 नंतर अंगभर पसरलेले दुखणे, थकवा, झोपूनही न गेलेला शिणवटा आणि विसरायला होणे हे सारे तीन महिने टिकले आहे का, यावर निदान होऊ लागले. सांधे झिजलेले नसतात; मेंदू आणि मज्जारज्जूच दुखण्याचा निरोप वाढवून ऐकतात, सप्ताहातल्या भोंग्याचा आवाज कोणीतरी पूर्ण चढवून ठेवावा तसा.

मोर्शीचे भाऊजी : आमच्याकडे संत्र्याची तोड सुरू आहे. काकांना पाच किलोमीटर चालायचेच असेल, तर त्यांनी टोपली घेऊन यावे, बागेत भरपूर जागा आहे.

मोठे काका : जावईबापूंनी थट्टा करावी, त्यांचा मान आहे. तरीही सांगतो, मी 72 व्या वर्षी पाच किलोमीटर चालतो.

पुण्याचा धाकटा : ताई, व्यायामाने दुखणे वाढत असेल तर आग्रह कशासाठी धरायचा? वहिनींना विश्रांतीच घेऊ द्यावी.

यवतमाळची ताई : तू दिवाळीला दोन दिवस येऊन गेलास, म्हणून तुला हे सोपे वाटते. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये आपल्या शिफारशी सुधारल्या, तेव्हा या आजारात जोरदार शिफारस केवळ व्यायामाचीच केली. गोळ्यांचीही तितकी केली नाही. नुसते पडून राहिल्याने अंग आणखी आखडते. प्रश्न चालावे की नाही हा नसून किती चालावे हा आहे. भाऊ, तुम्ही ज्याला 'उत्साहाने उठते' म्हणता, त्या दिवशी वहिनींनी काय काय केले होते?

भाऊ (गाव) : गोधड्या धुतल्या, अंगण सारवले, दुपारी वावरात डबा घेऊन आली आणि तीन तास कापूस वेचला.

यवतमाळची ताई : मग पुढचे चार दिवस खाटेवर जाणारच. बरे वाटणाऱ्या दिवशी आठवड्याचे काम उरकायचे आणि नंतर कोसळायचे, हेच चक्र मोडायचे आहे. ज्या दिवशी दुखते त्या दिवशीही झेपेल एवढेच ठरवावे, समजा पाच मिनिटे, आणि बरे वाटले तरी त्या दिवशी सहावे मिनिट चालू नये. आठवडाभर जमले की एखादे मिनिट वाढवावे. सुरुवातीला अंग थोडे जास्त ठणकेल, त्याने आतून काही बिघडत नाही; पण तो ठणका दोन दिवसांत उतरला नाही, तर प्रमाण कमी करावे.

मोठे काका : पहाटेची हवा उत्तम असते. मी पाचलाच निघतो.

वहिनी : सर्वांना नमस्कार. माझ्याविषयी एवढे लिहिले गेले, म्हणून मीही लिहिते. पहाटे माझी बोटे इतकी ताठरलेली असतात की बांगडी मनगटावरून सरकली तरी कळ येते, त्यामुळे काकाजींची वेळ मला जमणार नाही. कापसाची ओटी कमरेला बांधली की त्या गाठीच्या जागी रात्रभर आग होते. यांना चालण्याविषयी मी नाही म्हणते, त्याचे कारण मात्र दुखणे एवढेच नाही. मी हातपंपापर्यंत चालताना दिसले की दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणतेच, 'चालता येते, म्हणजे वेचताही येत असेल.' गुरांचे पाणी, वैरण, पाहुण्यांचा स्वयंपाक, सगळे त्या पाच मिनिटांच्या मागोमाग येते. म्हणून बरे वाटले तरी मी ते लपवते, आणि लपवता आले नाही की सगळेच एकदम करून टाकते.

आर्वीचे मामा : हे कोण म्हणाले, तेही सूनबाईंनी लिहावे.

मोठे काका : मामांचा रोख कोणाकडे आहे, हे मला समजते. वेचणीला माणसे मिळत नाहीत म्हणून मी एकदा सहज बोललो होतो.

भाऊ (गाव) : काका, तो विषय इथेच थांबवू. वेचणीसाठी मी पलीकडच्या गावातून बाया सांगतो, पैसे थोडे जास्त लागले तरी चालतील. सोमवारपासून सकाळी दहाला, ऊन अंगणात आले की मी हिच्यासोबत निघेन. माझे वावरात अडले, तर त्या दिवशी कोणी यावे?

मोठे काका : मी येईन.

वहिनी : काकाजी येणार असतील तर माझी हरकत नाही. हातपंपाशी परत फिरायचे, आणि वाटेत पाच किलोमीटरचा किंवा कापसाचा विषय काढायचा नाही.

मोठे काका : मान्य आहे.

आर्वीचे मामा : तेलाची बाटली कोणासोबत पाठवू, हे अद्याप कोणी सांगितलेले नाही.