मदत हवी आहे: रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, हवा कुठून घेतंय?

लालमाती
दोन आठवडे झाले, डोकं फिरलंय. गाडी गरम झाली की रेस सोडली तरी आवाज खाली येत नाही, तसाच चढून राहतोय. प्लग पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी नि हवा जास्त. कार्बोरेटर तीनदा साफ केलो, हवेचा स्क्रू फिरवून बघितलो, काही फरक नाही. मेस्त्री म्हणतोय हवा घेतंय, खरं कुठून ते सांगत नाही. रविवारी जांबोटीकडं जायचं आहे. लवकर सांगा.

खानापूरकर
गाडी कुठली ते तरी लिहा की. बोअरिंग (सिलिंडर आतून घासून मोठा करणं) झालंय का?

लालमाती
यामाहाची जुनी टू स्ट्रोक बाईक, आरएक्स १००च की. डर्टसाठी, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठी केलीय. ऑईलचा पंप काढलाय, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळतो.

निपाणी_२३
मेन जेट, कार्बोरेटरात पेट्रोल सोडतो तो, मोठा टाक भावा. माझी अशीच होती, जेट टाकल्यावर प्लग चॉकलेटी आला.

उद्यमबाग
जेटनं फट बुजत नाही, झाकली जाते. टू स्ट्रोकात पिस्टनखालचं क्रँकचं चेंबरच पंपाचं काम करतं, ते हवाबंदच पाहिजे. आज प्लग चॉकलेटी दिसेल, फट वाढली की पिस्टन जाम. इंजिन चालू ठेवून कार्बोरेटरच्या रबरावर आणि रीडच्या (आत आलेली हवा परत जाऊ न देणाऱ्या पट्टीच्या) पॅकिंगवर थोडं पाणी फवारा. आवाज बदलला तर फट तिथंच. गरम इंजिनवर पेट्रोल मारू नका, पेटेल.

निपाणी_२३
माझी दोन वर्षं चालली, जाम झाली नाही. सगळं खोलायला लावू नका त्याला.

जुना_आरएक्स
हल्लीच्या एथेनॉलच्या पेट्रोलनं रबर कडक होतंय. आणि गाडी विकणार असाल तर कळवा, कागद चालू पाहिजेत.

लालमाती
विकायची नाही. रबर नवीन आहे. पाणी मारलो, आवाज तसाच.

खानापूरकर
बोअरिंगचं सांगितलं नाहीत.

लालमाती
झालंय, दिवाळीत. चेंबर उघडून बेअरिंग बदललं. क्रँकच्या दोन्ही टोकांचे रबरी सील जुनेच ठेवले, चांगले दिसत होते.

उद्यमबाग
हे पहिल्यांदा लिहायचं होतं. चेंबर उघडलं की सील नवीनच घालायचे. क्लचकडचं सील गेलं तर गिअरचं ऑईल ओढतं, पांढरा धूर येतो, प्लग ओला होतो. मॅग्नेटकडचं (ठिणगीची वीज बनते त्या बाजूचं) गेलं तर नुसती कोरडी हवा. गिअर ऑईल कमी झालंय का?

लालमाती
नाही काका, लेव्हल बरोबर आहे. धूर पण नाही.

उद्यमबाग
मग मॅग्नेटकडं बघा, खरं अंदाजावर बदलू नका. कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढा, दोन्ही तोंडं रबर आणि पट्टी लावून घट्ट बंद करा. पिस्टन एकदम खाली आणा, म्हणजे वरून दिलेली हवा चेंबरात उतरते. प्लगच्या जागी नळी बसवा, इथं कुठल्याही लेथवर बनवून देतात. गेज लावून सायकलच्या पंपानं ६ पीएसआय दाब भरा, जास्त नको, सील बाहेर येईल. मिनिटाला १ पेक्षा जास्त उतरलं तर साबणाचं पाणी लावत बुडबुडे शोधा. सिलिंडरचं बूड विसरू नका.

खानापूरकर
मॅग्नेट पुलरनंच काढा, हातोडा मारू नका.

लालमाती
केलो. ६ भरलो, अर्ध्या मिनिटात शून्य. मॅग्नेट काढल्यावर क्रँकच्या कडेनं बुडबुडेच बुडबुडे, बाकी सगळीकडं कोरडं. रविवारचं रद्द. नवीन सीलचं तोंड कुठल्या बाजूला?

उद्यमबाग
स्प्रिंग दिसते ती बाजू आत, चेंबरकडं. कडेला थोडं ऑईल लावा. बसवल्यावर परत ६ भरून बघा, मगच कार्बोरेटर चढवा.