स्पीकर ‘ठीक है’ म्हणतो, मोटर मात्र सुरू होत नाही

रामबागकर (इंदूर)

नमस्कार. आमच्याकडे नर्मदेचे नळ एक दिवसाआड येतात. पाणी आधी अंगणातल्या हौदात साठते आणि तेथून १ अश्वशक्तीच्या मोटरीने गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते. मोटरीचे बटण जिन्याखाली आहे आणि आईचे गुडघे आता तिला तिथवर वाकू देत नाहीत, म्हणून हे काम आवाजावर सोपवावे असे मी ठरवले. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर बसवले, मोटरीला टॅस्मोटा ही आज्ञाप्रणाली घातलेला १० अँपिअरचा रिले (आज्ञेने चालू-बंद होणारा विजेचा स्विच) जोडला आणि ‘मोटर’ नावाचे ऑटोमेशन, म्हणजे ठरल्या अटींवर आपोआप होणारी कामे, लिहिले: हौदात पाणी असेल तरच मोटर लावायची आणि ४० मिनिटांनी बंद करायची. हे ऑटोमेशन बोलक्या स्पीकरला दिसेल अशीही व्यवस्था केली.

अडचणी दोन आहेत. ‘मोटर चालू करो’ म्हटले की स्पीकर ‘ठीक है’ म्हणतो आणि मोटर ढिम्म हलत नाही. तेच ऑटोमेशन मोबाइलवरून चालवल्यास मात्र बिनतक्रार चालते. दुसरे असे की, आई त्याच्याशी भाजीवाल्याशी बोलावे तशा हिंदीत बोलते, त्यामुळे आपले ‘मोटर लाव’ तिच्या तोंडी ‘मोटर लगा दो’ होते, आणि ‘लगा दो’ ऐकताच स्पीकर गाणे शोधू लागतो. परवा मोटरीऐवजी भांगडा सुरू झाला आणि आई त्याला ‘बंद कर मेल्या’ असे अस्सल मराठीत सुनावत होती.

तारायंत्र (ग्वाल्हेर)

आपल्या पहिल्या अडचणीत स्पीकरचा दोष नाही. ऑटोमेशन ‘चालू’ करणे याचा होम असिस्टंटमधला अर्थ ते कार्यान्वित ठेवणे एवढाच आहे; त्यातली कामे त्या क्षणी करून टाकणे असा नाही. आपले ऑटोमेशन आधीपासूनच चालू असल्याने स्पीकरने प्रामाणिकपणे ‘ठीक है’ म्हटले आणि करण्यासारखे काही उरलेच नाही. तीच कामे एका स्क्रिप्टमध्ये, म्हणजे सांगताच लगेच चालणाऱ्या कामांच्या यादीत, लिहा आणि ऑटोमेशनऐवजी ती स्क्रिप्ट स्पीकरला दाखवा. आपला स्पीकर ॲलेक्साचा असेल तर ती तेथे दृश्य, म्हणजे ‘सीन’, म्हणून उमटेल आणि नाव घेताच चालेल.

काही जण यासाठी आभासी बटण, म्हणजे टॉगल, वापरतात. तो मार्ग धरलात तर काम संपताना टॉगल परत बंद करायला विसरू नका; एरवी पुढच्या खेपेला ते आधीच चालू असेल, स्थिती बदलणार नाही आणि त्यावर बसवलेले ऑटोमेशन जागे होणार नाही. मी स्वतः या चुकीपायी एक अख्खा रविवार घालवला आहे.

सयाजीगंज (वडोदरा)

भाषेचा प्रश्न सोपा आहे. आईंना ‘चालू करो’ शिकवत बसू नका. त्या जे म्हणतात तेच वाक्य स्पीकरच्या ॲपमधल्या रूटीनमध्ये (‘हे ऐकले की ते कर’ अशा सूचनेत) जसेच्या तसे लिहा आणि त्याला स्क्रिप्ट जोडा. मोटरीला ‘पानी’ किंवा ‘टंकी’ असे वेगळे नाव दिलेले मला अधिक बरे वाटते, कारण घरात ‘मोटर’ हा शब्द दिवसातून दहादा निघतो.

खरी काळजी मला त्या १० अँपिअरच्या रिलेची वाटते. १ अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण ५ ते ६ अँपिअर घेते, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या कैक पट प्रवाह ओढते, आणि अशा झटक्यांनी छोट्या रिलेचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटतात. एकदा ते चिकटले की आपण काहीही बोला, मोटर बंद होणार नाही आणि हौद कोरडा पडला तरी ती फिरत राहील. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे जड प्रवाह पेलणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवावी आणि मोटरीचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. हे काम मात्र वायरमनकडूनच करून घ्यावे.

तारायंत्र (ग्वाल्हेर)

यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात एक भर घालतो. ४० मिनिटांची प्रतीक्षा स्क्रिप्टमध्ये ठेवली आणि मध्येच होम असिस्टंट पुन्हा सुरू झाले, तर ती प्रतीक्षा पुसली जाते आणि मोटर तशीच चालू राहते. म्हणून बंद होण्याची वेळ रिलेलाच ठरवू द्या. टॅस्मोटात ‘पल्सटाइम’ २५०० लिहा. सेकंदांत १०० मिळवून लिहायची तेथली रीत आहे, म्हणजे २४०० सेकंद, अर्थात ४० मिनिटे. शिवाय ‘पॉवरऑनस्टेट’ ० ठेवा, नाहीतर वीज जाऊन परत आल्यावर रिले आपली आधीची स्थिती आठवून मोटर आपोआप लावू शकतो. जिन्याखालचे बटणही काढू नका. इंटरनेट गेले की अशा स्पीकरना आपले बोलणे समजत नाही, नर्मदेचे पाणी मात्र त्या दिवशीही येते.

रामबागकर (इंदूर)

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. वायरमनने काल कॉन्टॅक्टर बसवला. रिले उघडून पाहिला तर एक बिंदू काळा पडून अर्धवट चिकटलेला होता. आता स्क्रिप्टचे नाव ‘टंकी’ आहे आणि रूटीनमध्ये ‘टंकी लगा दो’ व ‘टंकी भर दो’ ही दोन्ही वाक्ये लिहिली आहेत. आज सकाळी आईने स्वयंपाकघरातूनच सांगितले आणि मोटर लागली. तरीही खात्री करून घ्यायला ती जिन्यापर्यंत गेलीच.