मदत हवी आहे: दोन पेन्सिल सेलवरच्या माइक प्रीअँपचा करंट सोर्स बॅटरी उतरली की बसतो

रानपिंगळा

नमस्कार मंडळी. पहाटे पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायला एक छोटा प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा) जोडलाय. दोन पेन्सिल सेल, इलेक्ट्रेट माइक, पुढे बीसी५४९सी ट्रान्झिस्टरची डिफरन्शियल जोडी (दोन बेसमधला फरक वाढवणारी), दोन्ही कलेक्टरना १०-१० के ओहम. जोडीचे बेस बॅटरीच्या बरोबर निम्म्यावर बांधलेत. दोन्ही एमिटर एकत्र करून खाली करंट सोर्स, म्हणजे ठरलेलाच करंट ओढणारा भाग. तो नेहमीचाच: एक बीसी५४९सी, त्याच्या बेसपासून ग्राउंडपर्यंत दोन १एन४१४८ डायोड, त्यांना वरून ४.७ के, एमिटरला २.७ के.

(ऑप-अँप घे म्हणणाऱ्यांसाठी: आयसीवाला आधीच केलाय, छान चालतो. हा शिकण्यासाठी आहे, त्यामुळे तो सल्ला नको.)

नवे सेल घातले की झकास. सेल थोडे उतरले की आवाज दबतो, आणि कोतवाल जोरात ओरडला की फाटतोच. म्हणून काल मीटर घेऊन बसलो. बॅटरी ३.१ व्होल्ट असताना २.७ के वर ०.५१ व्होल्ट, म्हणजे ०.१९ मिलिअँप. कलेक्टरच्या दोन्ही रेझिस्टरवरून हिशेब केला तरी ०.१९. इथवर ठीक.

बॅटरी २.१ ला आणली. २.७ के वर ०.४२ व्होल्ट, म्हणजे साधारण ०.१५५ मिलिअँप. पण वर दोन्ही १० के वर फक्त ०.५-०.५ व्होल्ट, म्हणजे दोन्ही मिळून ०.१०! खालून ०.१५५ जातोय आणि वरून ०.१० येतोय. मधला ०.०५५ कुठून आला? सोल्डर दोनदा तपासलं, ट्रान्झिस्टर बदलला, तेच.

आणि मला पुढे चार्जिंगचे सेल वापरायचेत. ते भरलेले असतानाच जेमतेम २.५ दाखवतात. काय करू?

ओहमकार

डायोड काढा, लाल एलईडी लावा. एलईडी आणि ट्रान्झिस्टर दोघांचा व्होल्टेज तापमानाबरोबर साधारण सारखाच उतरतो, त्यामुळे करंट हलत नाही. माझ्या १२ व्होल्टच्या अँपमध्ये वर्षानुवर्षं आहे.

खटपट्या

ओहमकार, १२ व्होल्टला चालेल हो. लाल एलईडीवर १.७-१.८ व्होल्ट पडतात, म्हणजे एमिटर १.१ वर. इथे जोडीचे एमिटरच नवीन बॅटरीवर ०.९५ ला आहेत. सोर्सला श्वास घ्यायला जागा कुठंय?

एलएम३३४ (करंट सोर्सचा तयार आयसी) सुचवणार होतो, पण त्यालाही किमान १ व्होल्ट लागतो. बाद.

जुना रेडिओ

रानपिंगळा, तुमचं सोल्डर बरोबर आहे. मोजमापही बरोबर आहे, आणि तो हरवलेला ०.०५५ तुम्हीच दिलेला आहे, ४.७ के मधून.

बघा, २.१ ला जोडीचा बेस १.०५ वर. त्यातून बेस-एमिटरचे सुमारे ०.५८ गेले की एमिटर ०.४७ वर उरतात. सोर्सच्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर तिथेच बांधलेला. त्याचा स्वतःचा एमिटर ०.४२ वर. कलेक्टर-एमिटरमध्ये राहिले ५० मिलिव्होल्ट. ट्रान्झिस्टर कधीचाच सॅच्युरेट झाला, म्हणजे पूर्ण उघडला, करंट ताब्यात ठेवणं त्याच्या हातात उरलं नाही. डायोड मात्र बेस वर धरून बसलेत, म्हणून एमिटर रेझिस्टर आपला करंट मागतच राहतो, आणि कलेक्टर देत नाही तो वाटा बेसमधून येतो. एमिटरवर मोजलं की सोर्स नेहमी ठणठणीतच दिसतो. खरा करंट कलेक्टरला मोजायचा, तुम्ही दोन्हीकडे मोजलंत म्हणून चोर सापडला.

या सोर्सला २.७ के वरचे ०.५ आणि वर ०.१५-०.२, असे ०.७ तरी हवेत. ते बॅटरी २.६ च्या खाली गेली की मिळत नाहीत. म्हणजे चार्जिंगच्या सेलवर हा जन्मतःच आजारी.

साधा करंट मिरर (एका ट्रान्झिस्टरचा करंट दुसऱ्यात उतरवणारी जोडी) ०.२ व्होल्टमध्ये भागवतो. पण त्याचा इनपुट रेझिस्टर बॅटरीला बांधला की ३.१ वरून २.१ ला येताना करंट चाळीस टक्के पडेल. त्यावर जपानी नागाटांच्या नावाचा एक सुंदर तोडगा आहे. मिररच्या इनपुट ट्रान्झिस्टरचा बेस थेट कलेक्टरला न जोडता मध्ये छोटा रेझिस्टर घालायचा. बॅटरीकडून येणारा ३.३ के पहिल्याच्या बेसला जोडा. त्याच बेसपासून पहिल्याच्या कलेक्टरपर्यंत ४७ ओहम. आणि दुसऱ्याचा बेस पहिल्याच्या कलेक्टरला. दोन्ही एमिटर ग्राउंडला.

बॅटरी वाढली की इनपुट करंट वाढतो, पण ४७ ओहमवरचा ड्रॉपही वाढून दुसऱ्याचा बेस खाली ओढतो. ड्रॉप २६ मिलिव्होल्टच्या आसपास असला की दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. तिथे आउटपुट सर्वांत जास्त, म्हणजे इनपुटच्या १/२.७२ असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उतार अगदी मंद. तुमच्यासाठी काढून पाहिलं: ३.१ ला ०.१९४, २.५ ला ०.२०३, २.१ ला ०.१९८. इनपुटला अर्धा मिलिअँप जास्त खर्च होतो, पण तुमचे डायोड तरी कुठे फुकट चालत होते?

एक अट. दोन्ही ट्रान्झिस्टर जुळलेले आणि एकाच तापमानाला हवेत. दोघांत २ मिलिव्होल्टचा फरक पडला तर करंट ८ टक्क्यांनी चुकतो, आणि २ मिलिव्होल्ट म्हणजे फक्त एक अंश. सपाट बाजू एकमेकींना चिकटवून वर श्रिंक ट्यूब चढवा.

खटपट्या

काका, पण हा करंट तापमानाबरोबर वाढणार ना? अंशाला ०.३३ टक्के. धाग्याचं नाव "स्थिर" करंट सोर्स असतं तर भांडलो असतो :)

जुना रेडिओ

वाढणारच, आणि वाढायलाच हवा. फीडबॅक नसेल तर जोडीचा गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) करंट भागिले तापमान असा चालतो. करंट अगदी स्थिर ठेवलात तर गेन तापमानाबरोबर उतरेल. दोन्ही एकाच प्रमाणात वाढले तर गेन जागचा हलत नाही. डायोडवाला सोर्स उलट अंशाला ०.४ टक्के घटतो, म्हणजे गेनला दुहेरी मार. पहाटेचे १२ अंश आणि दुपारचे ३५ धरले तर सतराएक टक्के.

रानपिंगळा

काका, साष्टांग. काल रात्री ब्रेडबोर्डवर लावला. आधी ०.२६ आला, धसकलोच. मग दुसऱ्या ट्रान्झिस्टरला बोट लावलं तर आकडा सरसर चढत ०.३० च्या पुढे, बोट काढलं की हळूहळू खाली. इतका जिवंत ट्रान्झिस्टर पहिल्यांदाच पाहिला. डब्यातले बारा बीसी५४९सी एकाच रेझिस्टरवर लावून बेस-एमिटर व्होल्टेज मोजले (चिमट्याने धरून, बोटाने नाही), त्यातले अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत जुळणारे दोन निवडले आणि चिकटवले. आता ३.१ ला ०.१९, २.५ ला ०.२०, २.१ ला ०.१९. कलेक्टरलाच मोजलंय!

आज पहाटे चार्जिंगचे सेल घालून गेलो होतो. दयाळ जवळच्याच फांदीवर बसून ओरडला, फाटला नाही. मागे बारीक सूं आवाज आहे मात्र, तो माइकचा की ३.३ के मधून येणारा, ते शोधतोय.

जुना रेडिओ

माइकची बॅटरी लाइन वेगळी करा, १ के आणि १०० मायक्रोफॅरडने. आधी ते बघा, मग सोर्सवर संशय घ्या.