सिमेंट नसलेले ब्लॉक गडग्याला चालतील का?

साखळीची_माई: घरामागे गडगा आणि एक खोली बांधायची आहे. चिरा महाग झालाय, आणि येतो त्यातले निम्मे कोपरे झडलेले. एकाने राखाडी ब्लॉक दाखवले; म्हणे सिमेंट अजिबात नाही, लोखंडाच्या भट्टीची स्लॅग (मळी) आणि कोळशाची राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश. आमच्या गवंड्याने नखाने कोपरा खरवडला आणि "पावसात विरघळेल" म्हणून ठेवून दिला. भाऊ म्हणतो, आमोण्याच्या लोखंड कारखान्यातली स्लॅग आणि खाणीची लाल माती आणून आपणच पाडू. कुणी वापरलेत?

चिरेबंदी: माई, चिरा तो चिरा. बाकी सगळं जाहिरात.

ब्लॉकवाला_डिचोली: माझा धंदाच ब्लॉकचा, तेव्हा माझं बोलणं थोडं तारतम्यानेच घ्या.

विरघळणार नाही, नीट केलेला असेल तर. २०१४ साली ऑस्ट्रेलियात टुवूम्बाच्या विमानतळावर याच जातीच्या काँक्रीटची फरसबंदी झाली, आणि तिच्यावर विमानं वळतात, उभी राहतात. पण भावाला आधी आवरा. भट्टीतली स्लॅग वितळलेली असतानाच पाण्याने झटक्यात थंड केली तर काचेसारखी, वाळूएवढी होते. तीच सिमेंटइतकी बारीक दळली की कामाची. सावकाश निवलेली स्लॅग म्हणजे नुसती खडी. लाल मातीही भरणा म्हणून जाईल, चिकटवणार नाही. आणि खाणीच्या डंपावरून ती वाटेल तशी उचलताही येत नाही.

स्लॅगची ही भुकटी जागी करायला कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट लागतं. कॉस्टिकचे पापुद्रे पाण्यात टाकले की बादली हाताला सोसवत नाही इतकी तापते. पापुद्र्यांवर पाणी ओतलंत तर उसळून डोळ्यांत जाईल. हे परसात करायचं काम नव्हे, हातमोजे-चष्मा घालूनसुद्धा नाही.

गोव्यात कोळशाचं वीज केंद्र नाही, म्हणून फ्लाय अ‍ॅश बाहेरून येते, भाडं तुमच्या बिलात. शिवाय नुसत्या अ‍ॅशचा माल ६०-८० अंशांवर तापवावा लागतो. स्लॅग जास्त असली की आपल्या हवेतच घट्ट होतो. पाणी मारायचं नाही, प्लॅस्टिकने झाकायचा.

एक ब्लॉक मागा आणि फोडा. नवा असेल तर आत निळसर-हिरवट दिसेल, जरासा सडक्या अंड्याचा वास येईल. घाबरू नका, तो स्लॅगमधला गंधक. उघड्यावर रंग उडतो. मग दुसरा वजन करून २४ तास बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. पाचव्या हिश्श्याहून जास्त वाढला तर परत द्या. वाळल्यावर पांढरा थर फुटला तर सोडा जास्त पडलाय किंवा ब्लॉक नीट पिकलेला नाही.

साखळीची_माई: आणि खोलीचे खांब, स्लॅब?

ब्लॉकवाला_डिचोली: तिथे नको. भारतीय मानक ब्युरोची असल्या काँक्रीटसाठीची २०२० ची मार्गदर्शिका कारखान्यात पाडलेल्या मालापुरती आहे. स्लॅबला दुकानातलं स्लॅग सिमेंट घ्या. त्यात २५ ते ७० टक्के स्लॅगच असते आणि तुमच्या गवंड्याचा हात त्यावर बसलेला आहे. गडग्याला मात्र हे ब्लॉक खुशाल लावा, खालचे दोन थर चिऱ्याचे ठेवा. चाचणीचा कागद मागितल्यावर विकणारा विषय बदलायला लागला, तर उठून या.

चिरेबंदी: खालचे दोन थर चिऱ्याचेच ना शेवटी!