एक्झॉस्ट फॅनच्या आवाजाने स्वयंपाकघरात बोलता येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही जळगावला राहतो. चिमणी नाही, ओट्याच्या वर भिंतीत नऊ इंची, १४०० आरपीएमचा एक्झॉस्ट फॅन आहे. भरताची वांगी आणि मिरच्या भाजल्याशिवाय आमचा आठवडा जात नाही, मधूनमधून काळा मसालाही असतोच. फॅन लावला नाही तर सगळं घर ठसकत बसतं. लावला तर बारावीतली मुलगी पुस्तकं उचलून गच्चीवर जाते. सासूबाईंना आधीच कमी ऐकू येतं. पूर्वी भाजी निवडत माझ्याशी गप्पा मारायच्या, आता फॅन सुरू झाला की उठून जातात. याचं मला फार वाईट वाटतं.

आवाज दोन तऱ्हेचे आहेत. खडखड चौकट हाताने दाबली की थांबते. घूं घूं मात्र भिंतीतून पलीकडच्या खोलीत जाते. पाती सोड्याच्या गरम पाण्यात धुतली. एकाच पात्यावर तेलाचा जाड चिकटा बसला होता, तो निघाल्यावर थरथर बरीच कमी झाली. वायरमनने रेग्युलेटर बसवून दिला, पण वेग कमी केला की मोटर जास्तच गुणगुणते. आणि मागचं दार उघडं असलं की आवाज जरा बसतो, हे कशामुळे?

चौकटीमागे रबर घालू, की सरळ बारा इंची ९०० आरपीएमचा घेऊ?

प्रतिसाद:
ताई, दार बंद असलं की बाहेर जाईल तेवढी हवा आत येत नाही, पाती हवेशी झगडतात, म्हणून आवाज चढतो. दार किलकिलं ठेवा. गुणगुण रेग्युलेटरची आहे. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापतो. कपॅसिटरचा स्टेपवाला लावून बघा, मोटरला चालेल का ते वायरमनला आधी विचारा. रबर सिलिकॉनचं घ्या, उष्णतेत टिकतं. स्क्रू फार आवळू नका, रबर पार दबलं तर थरथर पुन्हा भिंतीतच जाते. बारा इंची हळू फिरूनही जास्त हवा ओढतो आणि पात्याच्या टोकाचा वेगही कमी असतो, पण भोक मोठं करावं लागेल.

मी:
मनापासून आभार, दादा. परीक्षा होईपर्यंत भिंत फोडणार नाही. आधी रबर आणि रेग्युलेटर करते. वॉशर किती जाडीचे घेऊ?