मांजरीला रिंगवर्म, बाबा ट्रान्सप्लांट होऊन घरी येतायत, गादी-सोफ्याचं काय करू?

बाबांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे, पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज. आणि घरी (कोथरूड, टू बीएचके) मांजरीच्या पिल्लाला रिंगवर्म (माणसांनाही लागणारा बुरशीचा त्वचारोग), कल्चरमधे (नमुना लॅबमधे वाढवून बघतात ती टेस्ट) मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी निघालीय. व्हेटनी इट्राकोनाझोल आणि मायकोनाझोल-क्लोरहेक्सिडिन शाम्पू दिलाय, केस परत येतायत, वूड्स लॅम्पखाली (अल्ट्राव्हायोलेट दिवा, त्यात ही बुरशी चमकते) आता काही चमकत नाही पण त्यावर भरवसा नाही कारण सगळे स्ट्रेन चमकत नाहीतच, म्हणून दुसरं कल्चर पाठवलंय, रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागणार.

बाबांचे डॉक्टर म्हणाले मांजर लांब ठेवा, ते पटतंय, पिल्लू बहिणीकडे औंधला जातंय. त्याला कायमचं देऊन टाका हा सल्ला प्लीज नको, खूप जीव आहे त्याच्यावर.

काळजी घराची आहे, गळलेल्या केसांवरचे स्पोअर्स (बुरशीचे बीजाणू) दीड वर्षापर्यंत टिकू शकतात. फरशी, कपाटं आधी डिटर्जंटने धुवून मग 1:10 ब्लीच लावतोय, चादरी दोनदा मशीनला. पण कापडी सोफा आणि कापसाची गादी? ब्लीच चालणार नाही, गादी पिंजायला दिली तर सगळं उडेल ही भीती.

स्टीम क्लीनिंग पुरतं का, की सरळ टाकून द्यायचं? आणि घरातल्या जागांचे स्वॅब घेऊन फंगल कल्चर करणारी लॅब पुण्यात कोणाला माहितीये का?