अचलपूरचं शकुंतलेचं स्टेशन: पाडायचं की राखायचं?

कापूसवेचा
मूर्तिजापूर-अचलपूर ब्रॉडगेजची मागणी पुन्हा जोरात आहे, आणि तिच्याबरोबर ‘जुनं स्टेशन साफ करा’ हेही ऐकू येतंय. ब्रॉडगेज आणाच. पण अचलपूरचं ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीचं जुनं स्टेशन, यार्ड आणि थोडा अडीच फुटी रूळ तसाच ठेवा.

वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांत पोचावा म्हणून किलिक निक्सन पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं शकुंतलेचा हा मार्ग बांधला आणि चालवायला जीआयपीला (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला) दिला. मधे मूर्तिजापूर, एक फाटा दर्यापूर-अंजनगावावरून अचलपूरला, दुसरा कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला. मिळून जवळपास १९० किलोमीटर. मँचेस्टरलाच १९२१ साली घडलेलं वाफेचं इंजिन इथं १९९४ पर्यंत राबलं! १९५१ च्या सुमारास देशातल्या बहुतेक कंपन्यांच्या रेल्वे सरकारकडे गेल्या, ही मात्र खासगी राहिली. असा नमुना दुसरीकडे कुठे दाखवाल?

संत्रावाला
भाऊ, समदं बराबर हाय, पण इतिहासानं पोट भरते काय? नरखेड-बडनेरा लाईन झाली, चांदूर बाजारले ब्रॉडगेज आली. अन् आमी अचलपूरले लागून असलेल्या परतवाड्याचे लोकं अजून ट्रकवाल्याच्या हातापाया पडून संत्रा धाडतो. फिनले मिल कोविडात बंद पडली, पोट्टे पुण्याले पयाले. शकुंतलेत मी काहून बसत नव्हतो, सांगू? गार्डच खाली उतरे, फाटक लावे, गाडी पुढं गेली का फाटक उघडून पुन्हा चढे. तिकिटंबी तोच फाडे. मूर्तिजापूर येईपर्यंत अर्धा दिवस खल्लास.

मूर्तिजापूरकर
@संत्रावाला, तुम्ही बसत नव्हता कारण तुमच्या दारात स्वतःची गाडी होती. मजुरीला निघालेल्या बाया, भाजीच्या पाट्या, तालुक्याच्या शाळेला जाणारी पोरं, हे बसायचे. एसटीच्या मानानं भाडं किरकोळ होतं. हळू चालते म्हणून हसणारे बहुतेक तिच्यात न बसणारेच.

स्वदेशी_७२
मुळात इंग्रजांच्या गुलामीची खूण जपायचीच कशाला? आजही दरवर्षी कोट्यवधीची रॉयल्टी लंडनला जाते म्हणे.

कापूसवेचा
ही व्हॉट्सॲपची रॉयल्टी. किलिक निक्सन ही १८५७ साली मुंबईत सुरू झालेली पेढी, स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्या हाती आली. रेल्वेचा करार तिच्या कंपनीशी होता, बकिंगहॅम पॅलेसशी नव्हे. आणि गुलामीची खूण पाडायची तर सीएसएमटीपासून सुरुवात करा, मी मागून येतो.

लोकोशेड
भावना बाजूला ठेवून बघू. बार्शी लाईट रेल्वे घ्या. एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी सुरू केली, पुढे एका टोकाला लातूर, दुसऱ्या टोकाला पंढरपूरवरून मिरज, सव्वातीनशे किलोमीटर. तिचं गेजही हेच, ७६२ मिलिमीटर. सगळी ब्रॉडगेज झाली. आज लातूरहून थेट मुंबईची गाडी आहे, २०१६ च्या दुष्काळात मिरजेचं पाणी लातूरला रेल्वेनं आलं. नॅरोगेज असती तर त्या वॅगनी लातुरात शिरल्याच नसत्या. आणि नॅरोगेजचं संग्रहालय हवंच असेल तर नागपूरला मोतीबागेत आहे. दर पंचवीस कोसांवर एक कशाला?

कापूसवेचा
मोतीबागेत इंजिनं आहेत, स्टेशन नाही. कापूस कुठून चढायचा, गाडी कशी वळवायची, हे यार्ड बघितल्याशिवाय कळत नाही. बार्शी लाईटचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे: गेज बदललं ते योग्यच, पण जुन्या मार्गाचा सलग दहा किलोमीटरचा तुकडा तरी कोणी चालता ठेवला का? नेरळ-माथेरान १९०७ पासून टिकलीय, ती लोक पैसे देऊन बसतात म्हणून.

लोकोशेड
माथेरानला डोंगर आहे. अचलपूर ते अंजनगाव काय बघायचं? तुरीची शेतं?

मूर्तिजापूरकर
चिखलदऱ्याला जाणारा प्रत्येक जण परतवाड्यावरून जातो, मुक्तागिरीचे यात्रेकरूही. त्यांना दोन तास थांबवायला गावात आज काय आहे?

फाईलबहाद्दर
दोघंही एक गोष्ट सोडताय. अचलपूर शेवटचं स्टेशन आहे, रूळ तिथं संपतात. मधल्या स्टेशनवर जुनं-नवं एकाच पट्ट्यात बसवणं अवघड, इथं तसं नाही. चोवीस डब्यांच्या गाडीला अर्ध्या किलोमीटरहून लांब फलाट लागतो, तो जुन्या यार्डात बसवायची ओढाताण करण्यापेक्षा नवं स्टेशन अलीकडे मोकळ्या जागेत घ्यायचं. म्हणजे जुन्या इमारतीला हात लावायची गरजच नाही. पण ही मागणी मार्गाची आखणी ठरण्याआधी लेखी द्यावी लागते. जमीन मोजून झाल्यावर निवेदन दिलं तर ते फाईलला लागतं, एवढंच.

संत्रावाला
हे बोलला काही कामाचं. निवेदन लिहा, मी गावातल्या शंभर बागायतदाराच्या सह्या आणतो. पण त्यात संत्र्यासाठी मालधक्का पयले लिहाचा, म्युझियम मंग. नाई तं सही नाई.